मुलाखत दिली, सही केली. त्यानंतर त्या बोलण्यावर हक्क कोणाचा?

रानजाई

सामाजिक संशोधन जबाबदारीने कसं करावं, यावर इथे सविस्तर बोलणं व्हावं म्हणून हा धागा काढते आहे. निमित्त माझ्याच कामातलं आहे.

घरकाम करणाऱ्या स्त्रियांच्या मुलाखतींवर आधारित एक अभ्यास मी करते आहे. प्रत्येकीकडून संमतिपत्र भरून घेतलं, आधी संशोधनाची नैतिक बाजू तपासणाऱ्या समितीची मंजुरीही घेतली. शब्दांकन झालं, विश्लेषण संपत आलं आणि त्यांच्यापैकी एका बाईंचा निरोप आला: "नवऱ्याबद्दल आणि मालकिणीबद्दल मी जे बोलले तेवढं काढून टाका. बाकीचं राहू दे." नेमका तोच भाग माझ्या एका प्रकरणाचा कणा आहे. ओळखीतल्या दोघा-तिघा संशोधकांना विचारलं. त्यांचं म्हणणं पडलं की सही आहे, नाव बदललेलं आहे, आता काढायचं बंधन नाही.

मला हे पटत नाही. कारण अगदी साधं आहे. सही होते तेव्हा त्या बाईने अजून काहीच सांगितलेलं नसतं. आपण काय बोलणार आहोत हे तिलाही ठाऊक नसतं. प्रश्नावलीत 'हो' आणि 'नाही'वर खुणा करायच्या असतील तर गोष्ट वेगळी. पण मोकळ्या मुलाखतीत माणूस बोलता बोलता कुठे पोहोचेल याचा नेम नसतो, आणि खरं तर आपण त्याला तिथे पोहोचवण्यासाठीच एवढा वेळ समोर बसलेलो असतो. मग सुरुवातीची ती सही नेमकी कशाला दिलेली परवानगी म्हणायची? माझ्या मते ती फक्त बोलायला बसण्याची परवानगी आहे. बोललेलं वापरण्याची परवानगी बोलून झाल्यावर पुन्हा मागायला हवी, आणि छापण्याआधी आणखी एकदा.

तुम्हाला काय वाटतं? विशेषतः ज्यांनी फील्डवर्क केलं आहे आणि ज्यांनी कधी मुलाखत दिली आहे, त्यांनी जरूर लिहा.

अनुस्वार

काढून टाका. विचारायची गरजच नाही.

तळटीप

महत्त्वाचा धागा. थोडा इतिहास मांडतो, कारण आज आपण ज्या नियमांनी काम करतो ते कुठून आले हे कळलं की त्यांच्या मर्यादाही कळतात.

बहुतेक नियमांचं मूळ वैद्यकीय संशोधनात आहे. १९४७ ची न्यूरेंबर्ग संहिता नाझी डॉक्टरांवरच्या खटल्यातून आली. १९६४ मध्ये डॉक्टरांच्या जागतिक संघटनेचा हेलसिंकी जाहीरनामा आला. अमेरिकेत अलाबामा राज्यातल्या टस्कीगी इथे सरकारी आरोग्य सेवेने १९३२ ते १९७२ अशी चाळीस वर्षं सुमारे ६०० कृष्णवर्णीय पुरुषांना अभ्यासाखाली ठेवलं. त्यातल्या ३९९ जणांना सिफिलिस होता. त्यांना आजाराचं खरं नाव सांगितलं नाही, आणि पेनिसिलिन सर्रास मिळू लागल्यावरही ते त्यांच्यापर्यंत पोहोचू दिलं नाही. हे उघडकीला आल्यावर १९७४ मध्ये संशोधनातल्या माणसांच्या संरक्षणासाठी कायदा झाला आणि १९७९ मध्ये बेल्माँट अहवाल प्रसिद्ध झाला. व्यक्तीचा आदर, तिचं हित आणि न्याय ही तीन तत्त्वं त्यातली. आजची संमतिपत्रं त्याच वाटेने आलेली आहेत.

अडचण अशी की वैद्यकीय संशोधनात काय करणार हे बऱ्याच अंशी आधी सांगता येतं. अमुक सुई, अमुक औषध, अमुक धोका. समाजशास्त्रात धोका बोलण्यातून तयार होतो आणि बराच नंतर कळतो. अमेरिकेतल्या येल विद्यापीठात मानसशास्त्रज्ञ स्टॅनली मिलग्रॅम यांनी १९६१ मध्ये आज्ञापालनाचे प्रयोग सुरू केले. त्यांच्या पहिल्या प्रसिद्ध मालिकेत ४० पैकी २६ जणांनी प्रयोग घेणाऱ्याच्या सांगण्यावरून शेजारच्या खोलीतल्या माणसाला ४५० व्होल्टपर्यंत 'शॉक' दिले. शॉक खोटे होते, पण देणाऱ्याला ते खरे वाटत होते. शॉकमुळे कोणाच्या शरीराला इजा झाली नाही. पण 'आपण असंही वागू शकतो' ही माहिती त्यांना कोणी न विचारता आयुष्यभरासाठी दिली गेली. हे नुकसान कुठल्या रकान्यात भरायचं?

त्याहून थेट उदाहरण अमेरिकी समाजशास्त्रज्ञ लॉड हम्फ्रीज यांचं आहे. सार्वजनिक स्वच्छतागृहांत होणाऱ्या पुरुषांच्या समलिंगी संबंधांचा त्यांनी अभ्यास केला. कोणी येत नाही ना हे बघणारा त्यांच्यातलाच राखणदार असल्याचं भासवून ते तिथे थांबले, गाड्यांचे नंबर टिपले, त्यावरून पत्ते मिळवले आणि सुमारे वर्षभराने वेश बदलून, आरोग्यविषयक पाहणीच्या निमित्ताने त्याच पुरुषांच्या घरी जाऊन मुलाखती घेतल्या. हे संबंध तेव्हा तिथे गुन्हा होता. १९७० मध्ये पुस्तक आलं. त्यातून या पुरुषांबद्दलचे अनेक गैरसमज खोडले गेले, हेही खरंच. पण ती यादी पोलिसांच्या हाती लागली असती तर किती घरं मोडली असती, याचा निर्णय हम्फ्रीज यांनी एकट्याने, त्या सगळ्यांच्या वतीने घेतला होता.

रानजाई, तुमच्या मूळ प्रश्नाबद्दल: तुमच्याशी सहमत. संमती प्रत्येक टप्प्यावर घ्यायची असते.

कोरी पाटी

मला थोडा विरोध नोंदवायचा आहे. रानजाई, तुमची कळकळ समजते, पण याला दुसरी बाजू आहे.

प्रत्येकाने नंतर विचार करून अडचणीचा भाग काढायला सांगितला तर उरेल काय? मालकिणी चांगल्या, नवरे समजूतदार आणि सगळं आलबेल. घरातली हिंसा, मजुरी बुडवणं, जातीवरून वेगळं ठेवलेलं भांडं हे सगळं अशाच 'तेवढं काढा' म्हणण्यात गायब होतं. संशोधकाची जबाबदारी मुलाखत देणाऱ्याशी आहे, तशी ती वाचणाऱ्याशी आणि सत्याशीही आहे. नेदरलँड्समधल्या टिलबर्ग विद्यापीठातले सामाजिक मानसशास्त्रज्ञ डिडेरिक स्टापेल यांनी वर्षानुवर्षं आकडे बनवले, हे २०११ मध्ये उघड झालं. त्या प्रकरणात कुठल्याही सहभागी व्यक्तीला इजा झाली नव्हती. तरी ती या क्षेत्रातली मोठी अनैतिक घटना आहे. नको ती माहिती गाळणं हा त्याचाच सौम्य प्रकार नाही का?

रानजाई

कोरी पाटी, मुद्दा वजनदार आहे, म्हणून नीट उत्तर देते.

खोटी माहिती घालणं आणि दिलेली माहिती देणारीच्याच सांगण्यावरून परत करणं यांना मी एका रांगेत बसवणार नाही. स्टापेल यांनी वाचकाला फसवलं. मी तो भाग काढला आणि 'काही सहभागींच्या विनंतीवरून त्यांच्या मुलाखतींतले काही भाग विश्लेषणातून वगळले आहेत' असं पद्धतीच्या प्रकरणात लिहिलं, तर वाचक फसत नाही. उलट कोणत्या विषयावर माणसं बोलून मागे फिरतात हे त्याला कळतं, आणि ही मोठी माहिती आहे. अर्थात वगळलेले भाग कोणाचे होते याचा माग लागणार नाही, अशा बेताने ते वाक्य लिहावं लागेल.

दुसरं म्हणजे, त्या बाईला हे का काढायचं आहे, याचा विचार आपण करत नाही. तिला सत्य लपवायचं नाहीये. मालकिणीच्या कानावर गेलं तर तिचं काम जाईल. सत्याची किंमत ती मोजणार आणि प्रबंधावर नाव माझं, ही वाटणी मला मान्य नाही.

खिडकी

मी दुसऱ्या बाजूने लिहिते आहे. मी संशोधक नाही. आमची वस्ती उठवली तेव्हा आमच्याकडे बरेच अभ्यासक येऊन गेले.

पहिल्यांदा कोणी आलं की बरं वाटतं. कोणीतरी विचारतंय, ऐकून घेतंय. मग दुसरे येतात, तेच विचारतात. मग तिसरे. 'किती सामान गेलं?' 'मुलांची शाळा सुटली का?' 'तेव्हा कसं वाटलं?' दर वेळी तेच सगळं पुन्हा उकरायचं. आधी आलेल्यांनी काय गोळा केलं हे नंतरच्यांनी वाचलं असतं तर निम्मे प्रश्न विचारावेच लागले नसते. आणि 'अहवाल झाला की आणून देऊ' असं सगळेच म्हणाले. आलं कोणीच नाही.

पण मला सांगायचंय ते वेगळंच. त्यातला एक अहवाल नंतर माझ्या भाचीला इंटरनेटवर सापडला. तिने वाचून दाखवला. माझं नाव बदललं होतं. पण लिहिलं काय होतं? 'शिवणकाम करणारी, तीन मुली असलेली, पायाने अधू विधवा.' वस्तीत अशी मी एकटीच. आणि माझ्या दिराने भरपाईच्या पैशांबाबत काय केलं ते माझ्या तोंडी जसंच्या तसं छापलं होतं. दूरच्या माणसाला मी कोण ते कळणार नाही, हे खरं. पण दूरच्या माणसाची मला कधी भीतीच नव्हती. ज्यांची भीती होती त्यांनी दोन ओळींत ओळखलं.

त्या अभ्यासकाने नियम मोडला असं मला कोणी सांगू शकलं नाही. नाव तर बदललं होतं.

तळटीप

खिडकीताई, तुम्ही लिहिलंत त्याबद्दल मनापासून आभार. संशोधन पद्धतीच्या कित्येक तासांत जे नीट सांगितलं जात नाही ते तुमच्या या प्रतिसादात आहे.

हे फार जुनं दुखणं आहे. न्यूयॉर्क राज्यातल्या एका छोट्या गावाचा अभ्यास १९५८ मध्ये 'स्प्रिंगडेल' या बनावट नावाने प्रसिद्ध झाला. व्यक्तींनाही बनावट नावं दिलेली होती. गावाने पुस्तक वाचलं आणि कोण कोण आहे ते लगेच ओळखलं. संताप इतका झाला की गावाच्या मिरवणुकीत लेखकाची प्रतिमा काढून विडंबन केलं गेलं. नाव बदलल्याने अनोळखी वाचकापासून संरक्षण मिळतं. शेजारी, नवरा, मालक, सरपंच यांच्यापासून ते मिळत नाही. त्यासाठी तपशील बदलावे लागतात, एका माणसाचं बोलणं दोन टोपणनावांत विभागावं लागतं, आणि कधी कधी एखादा सुंदर उतारा सोडून द्यावा लागतो. लिहिणाऱ्याला हे जड जातं, कारण त्या तपशिलांमुळेच तर लेखन जिवंत होतं. पण शिवणकाम, तीन मुली आणि पाय या तिन्ही गोष्टी एका वाक्यात असायची विश्लेषणाला काय गरज होती? मला तरी दिसत नाही.

आकडेमोड

मी मुलाखती घेत नाही, डेटावर काम करतो. आमच्याकडे 'नावं काढली, आता डेटा निनावी' हा समज अजून घट्ट आहे. तो किती पोकळ आहे ते सांगतो.

संगणकशास्त्रज्ञ लटान्या स्वीनी यांनी २००० मध्ये दाखवलं की जन्मतारीख, लिंग आणि पाच आकडी पिनकोड एवढ्या तीनच गोष्टींवरून अमेरिकेतले सुमारे ८७ टक्के लोक वेगळे ओळखता येण्याची शक्यता आहे. यात नाव कुठेच नाही. ऑगस्ट २००६ मध्ये एओएल या अमेरिकी इंटरनेट कंपनीने साधारण साडेसहा लाख वापरकर्त्यांचे तीन महिन्यांतले शोध संशोधकांसाठी खुले केले. नावांच्या जागी क्रमांक होते. पत्रकारांनी काही दिवसांतच एका क्रमांकामागची बाई शोधून तिचं दार वाजवलं. माणूस आपल्या आडनावाची, गावाची, आजाराची माहिती स्वतःच शोधत असतो, मग क्रमांकाच्या आड काय लपणार?

त्याहून बोलकं उदाहरण २००८ चं. एका 'अनाम' कॉलेजच्या अख्ख्या तुकडीची फेसबुकवरची माहिती संशोधनासाठी प्रसिद्ध झाली. ते कॉलेज हार्वर्ड आहे हे मूळ डेटा न उघडताच ओळखलं गेलं. सोबतच्या माहितीपत्रकातली विषयांची यादी आणि तुकडीची संख्या एवढं पुरलं. डेटा मागे घ्यावा लागला. 'ती माहिती तर फेसबुकवर होतीच' हा संशोधकांचा बचाव होता. पण मित्रांना दिसावं म्हणून ठेवलेलं आणि संशोधकाने उचलून जगापुढे मांडलेलं यांत फरक आहे. सार्वजनिक जागी बसून दोघं बोलत असतील तर ते ऐकू येणं वेगळं आणि ध्वनिमुद्रित करून छापणं वेगळं.

आणि २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेला फेसबुकवरचा भावनांचा प्रयोग. ६,८९,००३ वापरकर्त्यांच्या फीडमध्ये आठवडाभर आनंदी किंवा दुःखी मजकूर कमी करून त्यांच्या लिहिण्यावर काय परिणाम होतो ते पाहिलं. परिणाम अगदी बारीक निघाला. संमती कुठे होती? खातं उघडताना टिचकी मारलेल्या अटींत, असं सांगितलं गेलं. रानजाई म्हणतात ती 'एकदाच सही' इथे टोकाला गेलेली दिसते.

उलटतपासणी

सगळं वाचलं. पटलंही. पण एक गोष्ट राहते आहे.

या चर्चेत समोरचा माणूस कायम दुबळा धरला आहे. समोर बडी कंपनी असेल, अधिकारी असेल, तर? त्यांनाही 'छापू का?' म्हणून तीनदा विचारायचं? नोकरीतल्या भेदभावाचे अभ्यास घ्या. २००४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी अभ्यासात बॉस्टन आणि शिकागोमधल्या जाहिरातींना सुमारे ५,००० बनावट अर्ज पाठवले. पात्रता सारखी, फक्त नावं वेगळी. गोऱ्या वाटणाऱ्या नावांना सुमारे ५० टक्के जास्त बोलावणी आली. मालकांची आधी परवानगी मागितली असती तर हा निष्कर्ष कधी निघाला असता का? कडक नियमांचा आडोसा घेऊन बलवान लोक स्वतःला संशोधनापासून वाचवतात, आणि संस्थाही बदनामीच्या भीतीने त्यांना मदत करतात. समितीला वस्तीतल्या बाईपेक्षा उद्योगपतीच्या वकिलाची काळजी जास्त वाटते, हे मी पाहिलेलं आहे.

कोरी पाटी

उलटतपासणी, +१. मला हेच म्हणायचं होतं, मी चुकीच्या उदाहरणाला लावलं. रानजाईंच्या त्या बाईंच्या बाबतीत भाग वगळायला माझी आता हरकत नाही.

तळटीप

मान्य आहे, पण त्या अभ्यासात काय केलं नाही तेही बघा. एकाही कंपनीचं नाव घेऊन 'हे भेदभाव करतात' असं लिहिलं नाही. फसवणूक होती, पण ती दुसऱ्या मार्गाने प्रश्न सुटतच नव्हता म्हणून. कोणा एका माणसाला तिची झळ बसली नाही, आणि मालकाचा गेला तो एक अर्ज वाचण्याचा वेळ. हम्फ्रीज यांच्या कामाला हीच कसोटी लावली तर ते उतरत नाही.

माझ्यासाठी प्रश्न असा आहे: लपवाछपवीची झळ कोणाला बसणार आणि ती सोसायची ताकद त्याच्यात आहे का? अधिकाऱ्याने पदावरून केलेल्या कामाची माहिती आणि त्याच्या घरातली माहिती हेही वेगळं धरलं पाहिजे.

आणखी एक बाजू, समूहाची. अमेरिकेतल्या ग्रँड कॅन्यन या दरीत राहणाऱ्या हवासुपाई या आदिवासी समाजाने १९९० च्या सुमारास मधुमेहाच्या अभ्यासासाठी रक्त दिलं. पुढे तेच नमुने स्किझोफ्रेनिया, जवळच्या नात्यातली लग्नं आणि समाजाचं मूळ कुठलं अशा अभ्यासांना वापरले गेले. आपली उत्पत्ती त्या दरीतच झाली, ही त्या समाजाची श्रद्धा. त्यांनी विद्यापीठावर खटला भरला. २०१० मध्ये तडजोड झाली, सात लाख डॉलर मिळाले आणि उरलेले नमुने परत दिले गेले. कुठल्याही एका माणसाचं नाव फुटलं नव्हतं. तरी अख्ख्या समाजाबद्दल, त्याला न विचारता, बोललं गेलं होतं. 'या वस्तीत व्यसन जास्त' असं एक वाक्य छापलं की ज्याने मुलाखतच दिली नाही त्याच्या मुलालाही ते चिकटतं. दक्षिण आफ्रिकेतल्या सान लोकांनी २०१७ मध्ये संशोधकांसाठी स्वतःची संहिता जाहीर केली ती याच अनुभवातून. कबूल केलेलं परत आणून द्या, लिहिलेलं छापण्याआधी आम्हाला दाखवा, या तिच्यातल्या मागण्या आहेत. खिडकीताईंची तक्रार आणि ही मागणी अगदी एक आहे.

नवी वाट

मी एम.ए.ला आहे, पहिलंच फील्डवर्क आहे. विषय घरगुती हिंसेच्या जवळ जातो. गाइड म्हणाले, संमतिपत्रावर 'तुमची माहिती पूर्णपणे गोपनीय राहील' असं लिही. हा धागा वाचून ते लिहायला हात धजत नाही. काय लिहू?

उलटतपासणी

'पूर्णपणे' लिहू नका. अमेरिकेतल्या बॉस्टन कॉलेजने उत्तर आयर्लंडमधल्या जुन्या सशस्त्र गटांतल्या लोकांच्या मुलाखती घेतल्या होत्या. मृत्यूपर्यंत त्या बंद राहतील असं त्यांना सांगितलं होतं. २०११ मध्ये उत्तर आयर्लंडच्या पोलिसांसाठी त्या टेपची कायदेशीर मागणी झाली आणि काही टेप द्याव्या लागल्या. याउलट रिक स्कार्स हे संशोधक १९९३ मध्ये कोर्टापुढे माहिती द्यायला नकार देऊन १५९ दिवस तुरुंगात राहिले. तुमच्याकडून तुरुंगाची अपेक्षा कोणी करणार नाही. पण जे वचन कोर्टात टिकणार नाही ते देऊ नये.

रानजाई

नवी वाट, मर्यादा सरळ लिही: 'तुमचं नाव आणि ओळख पटेल असा तपशील मी कोणाला सांगणार नाही. पण कोणाच्या, विशेषतः लहान मुलाच्या, जिवाला धोका आहे असं मला कळलं तर मी आधी तुमच्याशी बोलेन आणि मग मदत मागेन. कायद्याने मागणी केली तर मला माहिती द्यावी लागू शकते.' हे तोंडानेही सांग, त्यांच्या बोलीत. काही जणी हे ऐकून कमी बोलतील. चालेल. तो त्यांचा निर्णय आहे.

सही करायला भीती वाटत असेल तर तोंडी संमती घे, तशी समितीकडून आधीच परवानगी काढ. कधी कधी सही केलेला कागद हाच त्या बाईच्या नावाचा एकमेव पुरावा असतो.

हिंसेच्या विषयासाठी जागतिक आरोग्य संघटनेने २००१ मध्ये मार्गदर्शक सूचना काढल्या आहेत, त्या मुलाखतीला बसण्याआधी वाच. एका घरात एकाच बाईशी बोलायचं. घराबाहेर अभ्यासाचं नाव 'स्त्रियांचं आरोग्य' असं काहीतरी साधं ठेवायचं, पण त्या बाईला मात्र खरा विषय सांगायचा. मध्येच कोणी आत आलं तर बदलायला दुसरा विषय तयार ठेवायचा, आणि तो तिच्याशी आधी ठरवून ठेवायचा. मदत कुठे मिळेल याची माहिती सगळ्यांना द्यायची, जिने काहीच सांगितलं नाही तिलाही. त्या ठिकाणी स्वतः फोन करून बघ, कोणी उचलतं का. कागदावरचे क्रमांक बरेचदा बंद असतात.

खिडकी

आणि नवी वाट, मुलाखत संपल्यावर लगेच वही मिटून उठू नकोस गं. तेवढं सगळं बोलून झालं की माणूस रिकामं होतं. थोडा वेळ बस, दुसरं काहीतरी बोल. आमच्याकडे आलेल्या एक जणी बसायच्या. त्यांच्या अहवालात काय आलं मला माहीत नाही, पण त्या पुन्हा आल्या असत्या तर मी बोलले असते.

नवी वाट

खिडकीताई, बसेन. रानजाईताई, उद्या गाइडना मसुदा दाखवते. एक विचारायचं राहिलं: शब्दांकन करायला बाहेरचं माणूस घेतलं तर त्याच्याकडूनही काही लिहून घ्यायचं का?

आकडेमोड

हो, गोपनीयतेचं हमीपत्र. आणि फाइल देताना नावाच्या जागी क्रमांक, नाव-क्रमांकाची यादी वेगळी, पासवर्डखाली आणि फक्त तुमच्याकडे. तो माणूस त्याच भागातला नको. काम झालं की त्याच्या फोनमधून आणि मेलमधूनही ध्वनिफीत काढून टाकायला सांगा आणि काढली का ते समोर बसून बघा. शब्दांकन करणाऱ्या ॲपमध्ये फाइल चढवणार असाल तर ती कुठे साठते आणि किती दिवस, हे आधी वाचा. अटींत नीट लिहिलं नसेल तर चढवू नका, हाताने लिहा.